माझी चप्पल कुणीच लपवत नाही

२ जून, सोमवार

वहिनी गेली. आणि तिला गुपचूप रवाना करण्याच्या कामात मी सामील!

बेत आईचा. सकाळी राजीला मी कडेवर घ्यायचं आणि गल्लीच्या टोकाला कोंडाबाईंकडे न्यायचं. त्यांची शेळी व्याली आहे, दोन पिल्लं आहेत. राजी पिल्लांचे कान ओढण्यात दंग झाली की इकडं दादानं मोटारसायकल काढायची आणि वहिनीला लातूरला गाडीत बसवून द्यायचं. चांगल्या कामाला निघालेल्या माणसामागं लेकरानं भोकाड पसरू नये, असा आमच्या घरचा कायदा. "डोळा चुकवून निघावं. दोन दिस रडंल, मंग ईसरंल," आई म्हणाली. वहिनीनं एक पापा घेऊ का विचारलं, तर आई नको म्हणाली. वर्षाराणी वहिनी पोलिसात भरती झाली आहे, नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगला पार विदर्भात चालली आहे, पण सासूपुढं तोंडातून शब्द नाही! मी राजीला उचलून निघाले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तोंडात ओढणी कोंबलेली.

राजी, म्हणजे आमची राजकन्या, साडेतीन वर्षांची. पिल्लांना तिनं मनसोक्त छळलं. कोंडाबाई म्हणाल्या, आता न्या हिला, शेळी मारकी होईल.

घरी आलो. दारात वहिनीची निळी चप्पल तशीच होती, कारण ती ट्रेनिंगच्या यादीप्रमाणे घेतलेले नवे पांढरे बूट घालून गेली. चप्पल बघून राजी खुशीत आत पळाली. मम्मी! स्वयंपाकघरात बघितलं. न्हाणीत बघितलं. बाजेखाली वाकून बघितलं. मग पिठाच्या डब्याचं झाकण काढून आत बघितलं. ते बघून मी हसले. मग ती दुसऱ्यांदा त्याच डब्यात बघायला लागली आणि माझं हसू गेलं.

४ जून, बुधवार

मम्मी बाजाराला गेली, असं आई तिला सांगते. राजी म्हणते, "चप्पल हाय ना."

याच्यापुढं कोणता वकील बोलणार! चप्पल दारात आहे म्हणजे माणूस घरात आहे. आपणही पाहुणे आलेत का ते उंबऱ्याबाहेर बघूनच ओळखतो. आज दिवसभर ती चपलेशेजारी मांडी घालून बसली होती. भात तिथंच खाल्ला, दुपारी तिथंच आडवी झाली. शेवटी आईनं चप्पल उचलून धान्याच्या कोठीमागं टाकली.

रात्रभर रडली. आई म्हणते, दोनच दिवस. झाले की दोन.

८ जून, रविवार

कोंडाबाईंच्या पोरीचं लग्न. राजीला घेऊन गेले, तेवढाच तिला बदल. जिलेबी खाल्ली, दोनदा पडली, एकदा वरातीतल्या घोड्याला भिऊन माझ्या गळ्याचा हार झाली.

करवल्यांनी नवरदेवाचे बूट पळवले. भलताच गोंधळ. नवरदेव मोज्यांवर उभा, त्याचे मित्र खुर्च्यांखाली शोधतायत. राजी विचारायला लागली, हे काय चाललंय? मी सांगितलं, अगं, बूट नसले तर नवरदेव जाईल कसा? बूट मिळेपर्यंत त्याला इथंच थांबावं लागतं.

तिनं एवढं लक्ष देऊन माझं कधीच ऐकलं नव्हतं.

११ जून, बुधवार

कोंडाबाईंची चप्पल गेली! चहाला आल्या, उठल्या, तर उंबऱ्याबाहेर काहीच नाही. दारातल्या कुत्र्यावर आळ घेतला. शेवटी त्या अनवाणी घरी गेल्या आणि जाता जाता कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेल्या.

संध्याकाळी चप्पल सापडली. माझ्या पिको-फॉलच्या मशीनच्या टोपीखाली! कुत्र्याला एवढी कला येत नाही.

१२ जून, गुरुवार

आज दादाची. दादाचं बसस्टँडजवळ बी-बियाण्यांचं दुकान, पेरणीचे दिवस, लोक दारात उभे असणार. शेवटी माझे गुलाबी फुलांचे स्लिपर घालून गेला. म्हणे एका शेतकऱ्यानं सोयाबीनची बॅग उघडायच्या आधी त्याचे पाय बघितले.

राजी मात्र एकदम साळसूद. विचारलं तर वर छताकडं बघते.

२९ जून, रविवार

ट्रेनिंगमधून फोन फक्त रविवारी. पहिल्या दोन रविवारी राजीनं फोन बघून एवढा आकांत केला की वहिनीकडच्या पोरीपण रडायला लागल्या. आज मात्र नवलच. फोन हातात घेतला, वहिनीचं तोंड बघितलं, मग फोन उलटा करून तिला पंखा दाखवला. मग घड्याळ. मग माझं मशीन. मग फोन खाली ठेवून निघून गेली. वहिनी तिकडून छताला बोलत होती, "राजी, ए राजी, इकडं बघ की बाळा."

आई लई खूश. "बघ, ईसरलं लेकरू. म्या सांगत नव्हते?"

मलाही बरंच वाटलं. रडत नाही हे काय वाईट?

कोठीमागं झाडताना बघितलं, वहिनीची चप्पल तिथं नाही. आईला वाटतं मी टाकली, मला वाटतं आईनं. शेवटी दोघींनी मिळून कुत्र्यावर ढकललं. बिचारं कुत्रं!

१३ जुलै, रविवार

मला बघायला आले होते. थेट हदगावहून, जीपमध्ये. एवढ्या लांबून आमच्या मुरुडला यायचं म्हणजे त्यांच्याकडच्या पोरी संपल्या असाव्यात किंवा तिथल्या सगळ्यांनी नाही म्हटलं असावं. मुलगा, त्याचा बाप, मामा आणि एक आत्या. मामाच्या पायात करकर वाजणारी चामड्याची चप्पल, गल्लीतून येतानाच ऐकू आली.

मुलगा सगळा वेळ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. मग त्यानं मला विचारलं, लग्नानंतर मशीन बंद करणार का? मी म्हटलं, मशीनला विचारून सांगते. आईनं असं बघितलं की पोहे गार झाले.

मंडळी उठली. बाहेर एकसुद्धा पायताण नाही! चार जोड, चारही गायब. आमचं सगळं घर वाकून वाकून शोधतंय, दादा घामाघूम, आई कुत्र्याला शिव्या देतेय, आणि हदगावचे मामा अंगणात सराट्याच्या काट्यांवर एका पायावर उभे! अर्ध्या तासानं कूलरचं झाकण उघडलं तर आत नीट रांगेत मांडलेले. कूलरच्या तळाशी पाणी होतं. मामांची चप्पल नंतर करकर वाजली नाही, पचपच वाजली.

जाताना आत्याबाई बोलून गेल्या की ज्या घरात लेकराला वळण नाही तिथं पोरीला कसलं असणार. नकार संध्याकाळीच आला.

मी उशीत तोंड घालून हसले. मग राजीला जवळ घेऊन विचारलं, "कामून लपवतीस गं?" ती म्हणाली, "मंग ते जात्यात."

तिला त्यांनीही जायला नको होतं! पोह्यांतले शेंगदाणे काढणाऱ्यानंही!

१४ जुलै, सोमवार

सकाळपासून एकच विचार डोक्यात. कोंडाबाईंची चप्पल लपवते. दादाची रोज लपवते. दूधवाल्याची लपवली. हदगावच्या मामांची लपवली. माझी? माझी चप्पल दारात खुशाल पडलेली असते. एकदाही नाही!

म्हणजे मी गेले तरी चालेल? मी तिची वेणी घालते, तिला भरवते, तिच्या पोटात दुखलं की ओवा मीच चावून देते. आणि माझ्या चपलेला एवढी पण किंमत नाही? विचारलं तिला. तिनं माझ्याकडं मी वेडी असल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "तू कुठं जातीस? तू आत्या हायीस."

३ ऑगस्ट, रविवार

हल्ली रोज सकाळी अंथरूण ओलं. मागच्या वर्षीच सुटली होती ही सवय. आई रागावते, मी गुपचूप गोधडी उन्हात टाकते. गोधडीवर कोंडाबाईंची शेळी येऊन बसते, तो वेगळाच उपद्व्याप.

अंगणवाडीच्या उमाबाई आज भेटल्या. म्हणाल्या, राजी गुणाची झाली, रडत नाही, भांडत नाही, कोपऱ्यात बसते. फक्त दप्तर पाठीवरून उतरवत नाही. आत काय आहे विचारलं तर दप्तराला मिठी मारते. मी म्हटलं, खाऊ असेल. आमच्या राजीला गुणाची म्हणतायत म्हणजे बाईंना मोतीबिंदू झाला असावा! घरी येईपर्यंत हसू आलं. पण खरं सांगायचं तर मला ती गुणाची झालेली आवडली नाही. ही राजी डबे उलटे करणारी, मांजराला कुंकू लावणारी. तिनं कोपऱ्यात बसावं हे काही बरं नाही.

आता फोन आला की ती अंगणात पळते. वहिनी विचारते, कशी आहे? आम्ही तिघंही एका सुरात सांगतो, मजेत! तिनं तिकडं नीट कवायत करावी म्हणून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. राजीनं मातीच्या बैलांचा सगळा कळप खाटेखाली ढकलला. एकालाही बाहेर काढू दिलं नाही. पूजा खाटेखाली वाकून केली. आईच्या कमरेत उसण भरली.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि अशा चिखलात देवणीचे पाहुणे. मुलाचं नाव मन्मथ. दूध संकलन केंद्रावर कामाला, घरी देवणी बैलांची जोडी. निम्मा वेळ बैलांविषयीच बोलला. माझे दात मोजले नाहीत हे नशीब! मशीनचं विचारलं नाही. उलट त्याच्या आईची साडी पिकोला द्यायची आहे म्हणाला. गिऱ्हाईक म्हणून तरी पास.

व्हायचं तेच झालं. निघताना त्याचे बूट नाहीत. बाकीच्यांचे पण नाहीत, पण ते लगेच तुळशीच्या कट्ट्यामागं सापडले. ह्याचेच सापडेनात. दादानं राजीचा दंड धरला, मारायच्याच बेतात होता. मन्मथ खाली बसला. चिखलात, नवी पँट घालून. राजीला म्हणाला, "राहू दे तुझ्यापाशी. पुढच्या रविवारी घ्यायला येतो. येऊ ना?"

राजी त्याच्या पायांकडं बघत राहिली. तो दादाचे न्हाणीतले स्लिपर घालून देवणीला गेला. त्याच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आई म्हणाली, पोरगं खुळं दिसतंय. माझं तोंड मात्र माझ्याविरुद्ध हसत होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आला! स्लिपर धुऊन, पिशवीत घालून घेऊन आला. दादाचे स्लिपर विकत घेतल्यापासून एवढे स्वच्छ कधी नव्हते.

राजी दारात उभी. तो आल्यावर आधी त्याचे पाय बघितले, मग तोंड. आत पळाली आणि ज्वारीच्या कोठीतून एकेक करून बूट आणून दिले. बुटांतून ज्वारी सांडली. आईनं कपाळाला हात लावला.

नंतर सगळा वेळ ती त्याच्याकडंच बघत होती. गेलेला माणूस परत येतो हे तिनं पहिल्यांदाच बघितलं असावं. आणि मी काय बघत होते? ते इथं लिहीत नाही. ही वही आईच्या हाती लागली तर!

१८ ऑक्टोबर, शनिवार

वहिनी आली! दिवाळीची रजा. दुपारी दादा लातूरहून तिला घेऊन आला. मी पळत दारात गेले आणि क्षणभर थबकले. केस अगदी बारीक कापलेले, रंग रापलेला, खांदे सरळ, पायात ते पांढरे बूट. चालते पण कशी, जमीन हिच्या बापाची असल्यासारखी.

"राजी," म्हणून तिनं हात पसरले. राजी माझ्या मागं गेली. माझी ओढणी तोंडावर घेतली आणि फटीतून बघत राहिली. वहिनी हात पसरून तशीच बसलेली.

थोड्या वेळानं राजी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेली. "पाणी घ्या," म्हणाली. तुम्हाला चहा पाहिजे का, असंही विचारलं. अहो-जाहो! आम्ही सगळे हसलो, वहिनी पण हसली. मग ती न्हाणीत गेली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज घरी दिवाळीच्या फराळाला माणसंच माणसं. राजीनं सगळ्यांच्या चपला लपवल्या. उमाबाईंची करंज्यांच्या डब्यात! दारात शेवटी फक्त दोनच जोड राहिले, माझी चप्पल आणि वहिनीचे बूट.

वहिनी त्या बुटांकडं बघत उभी होती. तिला चपला लपवण्याचं सगळं मीच कौतुकानं सांगितलं होतं. जो जाऊ नये असं वाटतं त्याची ती लपवते, हे पण सांगून बसले होते. माझी जीभ!

"माझे न्हाई लपवले," वहिनी म्हणाली.

माझी पण नाही, मी म्हटलं. पण ती ऐकतच नव्हती.

२२ ऑक्टोबर, बुधवार

वहिनीनं राजीला न्हाऊ घातलं, तिनं घालू दिलं. नवा फ्रॉक घातला, घालू दिला. मांडीवर घेतली, बसली. उतरू का, असं विचारून उतरली. वहिनी म्हणते, मारलं असतं तिनं मला तरी बरं वाटलं असतं.

दादाला हळूच सांगत होती की नाही जायचं परत. नोकरी नको, पोरगी परकी झाली. परवा निघायचं आहे. वहिनी न गेली तर भरती गेली. पहाटे उठून माळरानावर धावायची, पायाच्या नखांतून रक्त यायचं, ते सगळं पाण्यात.

काहीतरी करायला पाहिजे. माझ्याकडं एक आयडिया आहे. थोडी वाईट आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी वहिनीचे बूट मीच लपवले. माझ्या मशीनच्या टोपीखाली, राजीची जुनी जागा. वहिनीला दिसू दे की पोरीनं तिचेही लपवले!

नाटक झकास जमलं. वहिनी दळण आणायला निघाली, तर बूट नाहीत. मी तोंडावर हात घेऊन म्हटलं, अगं बाई, राजीनंच लपवले वाटतं! वहिनीचा चेहरा... काय सांगू. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. "राजी, कुठं ठिवलेस गं माझे बूट?"

राजीनं तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग सरळ मशीनकडं गेली, टोपी उचलली, बूट काढले आणि वहिनीपुढं नीट जोडीनं ठेवले. "हे घ्या तुमचे. आत्यानं लपवलते."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आयडिया, एका मिनिटात माती! वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. पोलीस झालेलं माणूस असं रडतं हे बघून आई पण घाबरली.

मग राजीनं खुंटीवरचं दप्तर ओढून पाडलं, चेन उघडली आणि आतून काढली निळी चप्पल. वहिनीचीच! एक पट्टा शिवलेला, आत पाटीच्या पेन्सिलीचे तुकडे अडकलेले. जूनपासून ती रोज अंगणवाडीत पाठीवर घेऊन जात होती. मी आणि उमाबाई खाऊ समजत होतो, घरी आई आणि मी कुत्र्याला शिव्या देत होतो.

"रडू नका," राजी म्हणाली. "ही मम्मीची हाय. घाला."

वहिनीनं पायात चप्पल घातली. राजीनं पायांकडं बघितलं, बराच वेळ. हळूहळू वर तोंडापर्यंत आली. आणि मग जी किंचाळली! "कुठं गेल्ती तू? कुठं गेल्ती?" वहिनीच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली, चावली, ते बारीक केस ओढायचा प्रयत्न केला, हाती लागेनात म्हणून अजून चिडली. जूनमधलं सगळं रडं आज निघालं. वहिनी मार खात होती आणि तिला धरून बसली होती. आई पुढं झाली तर वहिनी तिला म्हणाली, "मारू द्या, आत्याबाई."

सासूपुढं तिचा पहिला शब्द! मी डोळे पुसत होते तरी ते लक्षात आलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आई सवयीनं मला म्हणाली, राजीला कोंडाबाईंकडं ने. वहिनी म्हणाली, नाही, ती इथंच राहील. आई वहिनीचा डबा भरायला आत गेली.

वहिनीनं राजीला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. मी लांब जाणार आहे, होळीच्या आधी येणार आहे. हे बूट जातील, ही चप्पल तुझ्यापाशी राहील. मन्मथच्या बुटांचं वहिनीला मी काल सांगितलं होतं. राजीला पण ते आठवलं. "त्यो आलता," ती म्हणाली. "ज्वारी सांडली."

मग राजीनं स्वतः बूट दारात आणून ठेवले. लेसच्या गाठी मारायला पण बघितलं, त्यात पाच मिनिटं गेली. मोटारसायकल निघाली आणि हिनं असं भोकाड पसरलं की गल्ली जमा झाली. भर निघतानाचं रडणं! आई पदर तोंडाला लावून म्हणत होती की आता गाडी पंक्चर होणार. काही झालं नाही. लातूरहून वहिनीचा फोन आला, खिडकीची जागा मिळाली.

संध्याकाळी राजीनं तांदळाचा डबा उलटा केला. मी ओरडले, पण मनातून फार बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरलं! देवणी! लग्न फाल्गुनात, वहिनीचं ट्रेनिंग संपल्यावर. मन्मथचा फोन येतो. बैलांचं बोलणं थोडं कमी झालं आहे, थोडंच.

राजीला सांगायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं. आत्ता कुठं घडी बसली आहे, रात्री गोधडी कोरडी राहते, कशाला उगीच? आई म्हणाली, लग्नाच्या दिवशी बघू. मला पण पटलं. तोवर तिची मम्मी आलेली असेल. चार दिवसांत आत्याला विसरेल.

३० नोव्हेंबर, रविवार

साखरपुडा झाला. घरी एवढी माणसं कामून आली, राजीनं विचारलं. आत्याचा वाढदिवस आहे, मी सांगितलं. मग काय! मन्मथ अंगठी घालत होता आणि राजी टाळ्या वाजवत हॅप्पी बर्थडे म्हणत होती. देवणीची सगळी मंडळी पण म्हणायला लागली. हसून हसून माझी कुंकवाची टिकली पडली.

नंतर तिनं माझा हात धरून अंगठी बघितली. बराच वेळ. मग विचारलं, वाढदिवसाला नवरदेव असतो का? मी म्हटलं, असतो कधीकधी.

७ डिसेंबर, रविवार

लातूरला साड्या घ्यायला जायचं आहे. सगळे तयार होऊन निघायला उभे आहेत. सगळ्यांच्या चपला दारात आहेत.

माझी नाही.

राजी दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली आहे. गाडी गेली तर जाऊ दे. आधी तिच्याशेजारी जाऊन बसते.